चालत्या गाडीला खीळ

'सुधारणे' हे मराठीतले मोठे सोयीचे क्रियापद आहे. ते अकर्मकही आहे आणि सकर्मकही. 'बंडू सुधारला' हे अकर्मक. 'मास्तरांनी बंडूला सुधारले' हे सकर्मक, आणि बहुधा छडीसकट. पहिल्या वाक्यात मर्जी बंडूची, दुसऱ्यात मास्तरांची; पण दोन्हीकडे कर्ता समोर उभा असतो, त्याला नावगाव असते, आणि पुढे बंडूला मिशा फुटल्यावर तो मास्तरांना गंगेवर गाठून "मास्तर, तेव्हा काय हो मारलंत!" असे विचारूही शकतो. गेल्या काही वर्षांत मात्र या क्रियापदाचा एक नवाच प्रयोग निघाला आहे. कर्तरी, कर्मणी आणि भावे या तिन्हींत तो बसत नाही. यात कर्ता दिसत नाही, क्रिया रात्री दोन वाजता घडते आणि कर्म सकाळी उठून कपाळाला हात लावते. मी त्याला 'कर्मभोगी प्रयोग' म्हणतो. लोक त्याला 'अपडेट' म्हणतात.

आता मी काही सुधारणेचा वैरी नाही. पाट्याची जागा मिक्सरने घेतली तेव्हा मी पाट्याच्या बाजूने मोर्चा काढला नाही. (असे मोर्चे काढणारे स्वतः कधी पाट्यावर वाटत नसतात, असा माझा अनुभव आहे.) टेलिफोनचे बिल भरायच्या रांगेत जे एक सामाजिक जीवन होते ते लयाला गेले, म्हणून मी अश्रूही ढाळले नाहीत. माझे भांडण सुधारणेशी नाहीच. माझे भांडण आहे ते न बोलावता येणाऱ्या, तोंड न दाखवणाऱ्या आणि चालत्या वस्तूला हात लावणाऱ्या सुधारकाशी. 'चालत्या गाडीला खीळ घालू नये' असे आपले वाडवडील सांगून गेले. त्यांची गाडी बैलाची होती, पण बैलगाडीला जे कळते ते संगणकाला कळू नये?

या सगळ्या भानगडीचा नायक म्हणजे ड्रायव्हर. हा खाकी कपड्यातला, वाटेत चहाला थांबणारा ड्रायव्हर नव्हे. संगणक एक भाषा बोलतो आणि त्याच्या पोटात बसवलेली कार्डे दुसरी. या दोघांमधला दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर. दुभाष्या चांगला असला की लग्नाच्या बैठकीतल्या मुरब्बी मध्यस्थासारखा तो आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. तो बदलला, की मग 'मुलाकडच्यांना स्कूटर नको' याचे भाषांतर 'मुलाकडच्यांना स्कूटर पुरणार नाही' असे होते आणि बैठक मोडते.

किंवा असे समजा, की रात्रीची नाशिक-मुंबई एस.टी. कसारा घाट उतरते आहे. ड्रायव्हर जुना आहे, वळणन्‌वळण त्याला पाठ आहे, पॅसेंजर घोरत आहेत. तेवढ्यात एक गृहस्थ खिडकीतून आत शिरतो, जुन्या ड्रायव्हरला उचलून बाहेर टाकतो आणि दुसरा आणून बसवतो.

"हा नवा. आधीच्यापेक्षा जास्त शिकलेला आहे."

"अहो, पण घाट?"

"घाट त्याला अजून दाखवलेला नाही. पण त्याचं इंग्रजी उत्तम आहे."

हसू नका. माझ्या भाच्याच्या स्टुडिओत हेच झाले.

भाच्याचा नाशकात, रविवार कारंज्यापासून हाकेच्या अंतरावर, व्हिडिओचा धंदा आहे. लग्न, मुंज, साठीशांत, दुकानाचे उद्घाटन, कसलेही कार्य असो. तो ते कॅमेऱ्यात धरतो, कापतो, जोडतो, त्याला सनई लावतो आणि घरपोच करतो. मांडवात जे लग्न दोन तासांत उरकते ते भाच्याकडे दोन महिने चालते, असे त्याची गिऱ्हाइके म्हणतात, ते सोडा. या कामासाठी लागणारे संपादनाचे यंत्र त्याने कर्ज काढून घेतले. त्यातल्या एका कार्डाची किंमत ऐकून आमची ताई म्हणाली होती, "एवढ्यात तुझं लग्न झालं असतं." हे कार्ड एकच काम करते. संपादन चालू असलेले चित्र ते मोठ्या टीव्हीवर जसेच्या तसे पाठवते. संगणकाच्या पडद्यावर दिसते ते कच्चे आणि या टीव्हीवर दिसते ते पक्के. शालूचा रंग राणी की डाळिंबी याचा निवाडा तिथे होतो. आणि या निवाड्यावरून व्याही-व्याह्यांत दोन-दोन वर्षे अबोला झालेला मी पाहिला आहे.

तीन वर्षे हे कार्ड मुकाट्याने राबले. मग एका वैशाखात, ऐन लग्नसराईत, यंत्र रात्री आपणहून जागे झाले, आपणहून नवा ड्रायव्हर पोटात घेतला, आपणहून बंद होऊन सुरू झाले आणि सकाळी भाच्याला इंग्रजीत म्हणाले, की सगळे तयार आहे. सगळे तयार होते, फक्त चित्र नव्हते. म्हणजे होते, पण त्याच्या अंगात आले होते. घोड्यावरून उतरणारा नवरदेव असा अडखळत उतरे, की जणू मागून कुणी त्याचा शेरवानीचा पदर धरून "अजून विचार कर" म्हणते आहे. दर दोन-तीन मिनिटांनी पडदा डोळे मिटल्यासारखा काळा होई आणि दोन सेकंदांनी उघडे. 'शुभमंगल सावधान'च्या 'साव' आणि 'धान' यांच्यामध्ये त्याने डोळे मिटले तेव्हा तर भाच्याने हातच जोडले. रंग इतके उडालेले, की डाळिंबी शालू धोब्याकडून तिसऱ्यांदा आलेला वाटावा.

आपल्याकडे कुणाचे काही बिघडले, की निदान करणाऱ्यांची कधी वाण पडत नाही. एकाने वायरवर संशय घेतला, वायर बदलली. दुसऱ्याने व्होल्टेजला दोष दिला, स्टॅबिलायझर आणला. तिसऱ्याने टीव्हीच दुसरा लावायला सांगितला; लावला. चौथे गृहस्थ बराच वेळ होकायंत्रासारखे खोलीत फिरले आणि म्हणाले, "तुमच्या पडद्याचं तोंड दक्षिणेला आहे." पडदा पूर्वेला वळवला. चित्र पूर्वेकडे तोंड करून थरथरू लागले.

मग कार्डाच्या कंपनीला फोन. पंचवीस मिनिटे सतार ऐकवून झाल्यावर एक गोड आवाज आला.

"आपला ड्रायव्हर कोणता आहे सर?"

"सगळ्यात नवा. रात्रीच आपोआप बदलला."

"व्हेरी गुड. मग दोष ड्रायव्हरचा नाही."

"अहो, पण काल रात्रीपर्यंत सगळं ठीक होतं. मध्ये दुसरं काहीच झालं नाही, फक्त ड्रायव्हर बदलला."

"पण तो सगळ्यात नवा आहे ना सर? मग बिघडेल कसा?"

या तर्कापुढे आपले सगळे न्यायशास्त्र हात टेकते. फारच चिकाटी दाखवली तेव्हा कार्डवाल्यांनी विंडोजवाल्यांकडे बोट दाखवले. विंडोजवाल्यांनी कार्डवाल्यांकडे. दोघांची बोटे समोरासमोर, आणि मध्ये भाचा, कॅरमच्या सोंगटीसारखा. कुणाच्याही टिचकीने तो खड्ड्यातच जाणार होता.

शेवटी तिसऱ्या दिवशी रोग सापडला तो भाच्याच्याच चिकाटीने. त्याने एक वही घेतली, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झाले ते लिहून ठेवायचे असा नेम केला. तेव्हा कळले, की दुखणी तीन आहेत आणि तिन्हींचा बाप एक.

पहिले दुखणे धक्क्यांचे. आपल्याकडे व्हिडिओत सेकंदाला पंचवीस चित्रे असतात आणि टीव्ही सेकंदाला पन्नास वेळा पडदा रंगवतो. म्हणजे पंगतीत पाने पंचवीस आणि लाडू पन्नास. प्रत्येकाला दोन, पंगत शांत. नव्या ड्रायव्हरने आल्या आल्या परस्पर साठाचा आकडा लावला. आता पंचवीस पानांवर साठ लाडू वाढून बघा. पंधरा जणांना दोन आणि दहा जणांना तीन! पंगतीत कुजबुज झाल्याशिवाय राहील का? पडद्यावर त्या कुजबुजीला धक्के म्हणतात. अमेरिकेत साठ लाडू खपतात, कारण तिथे पानेच जवळजवळ तीस असतात. आमची पंगत मोजायची तसदी कुणी घेतली नाही.

दुसरे दुखणे पडदा काळा होण्याचे. जुना ड्रायव्हर रंगांचा माल आठ बिटांच्या गोणीत भरून पाठवी. नव्याने गोणी परस्पर दहा बिटांची केली. रस्ता मात्र तोच, भिंतीतून नेलेली लांबलचक वायर, आणि बदलून आणली तीही तेवढीच लांब. अरुंद गल्लीत मोठा ट्रक घातल्यावर व्हायचे ते झाले. ट्रक अडकला, की टीव्ही आणि कार्ड यांची ओळखच तुटे. मग "आपण कोण?" "मी कार्ड." "असं का! या, या," एवढे होईपर्यंत दोन सेकंद अंधार. तिसरे दुखणे फिक्या रंगांचे. टीव्हीवाल्यांच्या हिशोबात काळा रंग १६ वर सुरू होतो आणि पांढरा २३५ वर संपतो. संगणकवाल्यांच्या हिशोबात ० ते २५५. कार्डाने एकाच्या मापाने ओतले आणि पडद्याने दुसऱ्याच्या मापाने मोजून घेतले. काळ्याचा राखाडी झाला.

तिन्ही आकडे भाच्याने जागेवर बसवले. यंत्र बंद करून सुरू केले, की नवा ड्रायव्हर ते विसरे. मग ठरले, की जुन्यालाच परत बोलवावे. 'मागच्या ड्रायव्हरकडे जा' असे एक बटण असते. ते होते, पण फिकट. देवळाच्या भिंतीवर रंगवलेल्या दारासारखे, दिसायला दार आणि ढकलायला भिंत. शेवटी इंटरनेटची वायर काढून, यंत्र 'सेफ मोड' नावाच्या उपाशी अवस्थेत सुरू करून, नवा ड्रायव्हर मुळासकट उपटून, पेनड्राइव्हवर ठेवलेला जुना बसवला. चित्र गोदावरीच्या संथ पाण्यासारखे वाहू लागले. भाच्याने पेढे वाटले. इंटरनेटची वायर पुन्हा लावली. रात्र गेली. सकाळी पाहतो तो नवा ड्रायव्हर पुन्हा आपल्या जागेवर हजर! विक्रमाने मौन मोडले, की वेताळ जसा पुन्हा झाडाला लटके, तसा. रात्रीतून कुणाला तरी कळवळा आला असणार, की या बिचाऱ्याचा ड्रायव्हर जुना झाला आहे.

तेव्हापासून ते यंत्र सोवळ्यात आहे. इंटरनेटचा त्याला स्पर्श होऊ देत नाहीत. बाहेरच्या फायली आणण्यासाठी ओवळ्यातला एक वेगळा संगणक ठेवला आहे.

एवढ्यावर मी हसून गप्प बसलो असतो. भाच्याचा धंदा चार दिवस बुडाला, दोन गिऱ्हाइकांनी उशीर झाला म्हणून पैसे कापले, हे कुठल्याही धंद्यात होते. पण त्याच चार दिवसांत एक वृद्ध गृहस्थ स्टुडिओत आले. प्रेसमधून निवृत्त झालेले. पिशवीत एकच कॅसेट, १९९१ सालची, मुलाच्या मुंजीची. पत्नीचे वर्षश्राद्ध पुढच्या आठवड्यात होते आणि हलत्या चित्रात ती एवढ्या एकाच फितीत होती. फीत बुरशी धरलेली. फार तर दोन-तीनदा चालेल, मग तुटेल अशी. भाच्याने ती जपून पुसून लावली. बराच वेळ भिक्षावळ, मग जेवणाची पंगत. त्या पंगतीत हे गृहस्थ स्वतः बसलेले, तिशी-पस्तिशीतले, आणि समोरून जिलब्यांचे ताट घेऊन त्या येत होत्या. यांनी पानावर आडवा हात धरला. त्या वाकल्या. आणि पडदा काळा झाला.

दोन सेकंदांनी चित्र आले तेव्हा त्या पुढच्या पानावर गेल्या होत्या.

गृहस्थ काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "परत लावता येईल का?" आणि भाच्याला उत्तर देता येईना. कारण चित्र फक्त टीव्हीवर गेले, की फितीतून संगणकात उतरतानाच गेले, की मुळात फितीतच तेवढी जागा खराब आहे, हे त्याला कळायला मार्गच नव्हता. ज्या पडद्यावर भरवसा ठेवून खरेखोटे ठरवायचे तोच खोटा बोलू लागला, की मग कशावरच भरवसा राहत नाही. फीत पुन्हा चालवावी तर ती तुटायची भीती. त्याने ती काढून डबीत ठेवली आणि त्यांना चार दिवसांनी यायला सांगितले.

अपडेट पाठवणाऱ्याच्या हिशोबात हा बिघाड 'किरकोळ' या सदरात पडतो. चित्र काही सेकंद जाऊ शकते. उपाय, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करा.

आणि हे घडते कुठे, तर नाशकात! १८७० साली इथून जवळच त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके नावाच्या माणसाने १९१२ साली विलायतेला जाऊन विल्यमसन बनावटीचा कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडायचे यंत्र आणले. ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला आणि त्यानंतर दादासाहेबांनी सगळा संसार नाशकात आणला. 'मोहिनी भस्मासुर' इथला, 'लंकादहन' इथला, १९१९ चा 'कालिया मर्दन' इथला. कोऱ्या फिल्मला भोके पाडायचे काम सरस्वतीबाई करीत, तेही घरातली सगळ्यांची जेवणेखाणी उरकल्यावर. हाताने फिरवायच्या त्या काळच्या कॅमेऱ्यांत साधारण हँडलच्या एका फेऱ्याला आठ चित्रे निघत. सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सोळा. एकाच फिल्मवर दोनदा चित्र घेऊन देवादिकांना प्रकट करायचे किंवा गुप्त करायचे, तर फेरे मोजून फिल्म बरोबर तितकीच मागे न्यावी लागते. यंत्रावर केवढा विश्वास लागत असेल! काल आठ चित्रे देणारे हँडल आजही आठच देईल, हा तो विश्वास.

आता कल्पना करा, की एका रात्री खुद्द विल्यमसनसाहेब बोटीने मुंबईला उतरला, रेल्वेने नाशिकरोडला आला, टांगा करून फाळक्यांच्या घरी पोचला, कडी न वाजवता आत शिरला आणि कॅमेऱ्याचे हँडल उलटे बसवून निघून गेला. वर एक चिठ्ठी: 'आपला चित्रीकरणाचा अनुभव अधिक सुखद केला आहे.' दादासाहेबांनी त्याला गोदावरीत बुडवला असता आणि सरस्वतीबाईंनी भोके पाडायचे यंत्र त्याच्यावरच चालवले असते. साहेब असे करीत नसे, ते काही त्याला बोटीचे भाडे परवडत नव्हते म्हणून नव्हे. विकलेला कॅमेरा फाळक्यांचा झाला, आपला त्याच्याशी संबंध संपला, एवढी साधी गोष्ट त्याला कळत होती. आजच्या साहेबाला बोट लागत नाही आणि वस्तू विकल्यावरही ती आपलीच वाटते. पैसे आपण मोजायचे, हप्ते आपण भरायचे आणि रात्रीची किल्ली त्याच्याकडे.

कुणी म्हणेल, एका भाच्याचे एक कार्ड बिघडले म्हणून एवढा आरडाओरडा कशाला? तर थोरामोठ्यांची चरित्रेही ऐका. मार्च २०१० मध्ये एनव्हिडिया या नामांकित कंपनीने १९६.७५ क्रमांकाचा ड्रायव्हर सोडला आणि लगोलग मागे घेतला, कारण तो बसवल्यावर काही कार्डांचे पंखे हवे तसे फिरेनात आणि कार्डे तापू लागली. २ ऑक्टोबर २०१८ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची मोठी सुधारणा आणली. तिने काही लोकांच्या साठवलेल्या फायलीच पुसून टाकल्या. गांधीजयंतीचा मुहूर्त साधून लोकांना अपरिग्रहाचे व्रत दिले म्हणायचे! चार दिवसांत ती थांबवावी लागली. आणि १९ जुलै २०२४ ला तर क्राउडस्ट्राइक या राखणदार कंपनीच्या एका सदोष सुधारणेने जगभरची सुमारे ८५ लाख यंत्रे एका दमात आडवी केली. विमाने खोळंबली आणि आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. त्या दिवशी उभ्या विमानतळावर न बिघडलेली वस्तू एकच होती, बॉलपेन.

नाशिककरांना अशा रात्रीच्या सुधारणांचे तसे नवल नाही. आमच्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापलेल्या नोटांनाही ८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री आठ वाजता एक अपडेट आले होते. पण निदान तेव्हा सांगणारा टीव्हीवर दिसला तरी.

आता दुसऱ्या बाजूचा मुद्दा. अपडेटवाले म्हणतात, आम्ही हे तुमच्याच जिवासाठी करतो. आणि यात तथ्य आहे, ते मी नाकारणार नाही. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या साथीने जगभरचे संगणक ओलीस धरले, इंग्लंडमधल्या इस्पितळांची कामे बंद पडली. त्यावरचा उतारा मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच वाटला होता. ज्यांनी घेतला नाही त्यातले कितीतरी सापडले. तेव्हा रोगावरची लस ही घेतलीच पाहिजे. आमच्या लहानपणी टोचणारा डॉक्टर आला, की आम्ही माळ्यावर लपत असू आणि आई पाय धरून खाली ओढी. ते बरोबरच होते. पण तो डॉक्टर टोचून जाई. टोचता टोचता पोराचे केस कापीत नसे, त्याचे नाव बदलीत नसे, आणि एवढा आलोच आहे तर मुंजही उरकून टाकतो, असे म्हणत नसे! चोरांपासून संरक्षणाचा उतारा वेगळा आणि बटणांचे नवे रंग, नवे आकडे, नवे ड्रायव्हर वेगळे. हे दोन्ही एकाच पुडीत बांधून 'औषध आहे, गिळा' म्हणणे ही लबाडी आहे. आणि ही पुडी सोडवता येते, हे त्यांना माहीत आहे. २०१९ पासून एनव्हिडियाने खेळ खेळणाऱ्यांसाठी एक आणि काम करणाऱ्यांसाठी 'स्टुडिओ' नावाचा दुसरा, सावकाश बदलणारा, असे दोन ड्रायव्हर ठेवलेच ना? म्हणजे पोट भरणाऱ्याला स्थैर्य लागते, हे कळते. कळते पण वळत नाही, अशी ही जुनी गोष्ट आहे.

तेव्हा आमचे मागणे फार नाही. एक, आत येण्यापूर्वी दार वाजवा. दोन, काय बदलले ते माणसाच्या भाषेत सांगा. 'विविध सुधारणा केल्या आहेत' हे वाक्य फक्त नगरपालिकेच्या अहवालात शोभते. तीन, परतीचे दार खरे ठेवा, भिंतीवर रंगवलेले नको. आणि चार, बिघडले तर 'तो सगळ्यात नवा आहे' याला उत्तर समजू नका.

हे होईतो आपणच शहाणे व्हावे. ज्या यंत्रावर पोट आहे त्याची वही ठेवावी. कोणता ड्रायव्हर, कोणती विंडोज, कधी बसवली. जुना ड्रायव्हर आईच्या मंगळसूत्रासारखा जपून ठेवावा. यंत्र ठणठणीत असताना त्याच्या डिस्कची अख्खी नक्कल करून कपाटात टाकावी. नवे जे काही घ्यायचे ते लग्नसराई संपल्यावर, आषाढात, एका वेळी एक. आषाढात नाहीतरी दुसरे मंगल काही नसते.

भाच्याने चौथ्या दिवशी ती कॅसेट पुन्हा लावली. फीत टिकली. ते दोन सेकंद जागच्या जागी शाबूत होते. त्या वाकल्या, आडवा हात पाहिला, थांबल्या, हसल्या, आणि ताट घेऊन पुढच्या पानाकडे गेल्या. वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी गृहस्थ सीडी घेऊन गेले.

आता फक्त एका बटणाबद्दल सांगून संपवतो. २०१५ साली विंडोज १० आले तेव्हा घरगुती आवृत्तीतून सुधारणा कायमची नाकारायची सोयच काढून टाकलेली होती. पुढे २०१९ साली ती ३५ दिवसांपर्यंत लांबवायची मुभा देण्यात आली. म्हणजे नोटीस आली, की चौकटीत दोन बटणे: 'आत्ता' आणि 'नंतर'. वसुलीला आलेला पठाणसुद्धा हेच दोन पर्याय देई. 'नको' हे बटणच नाही. आणि हे कुणासमोर, तर मराठी माणसासमोर! आमच्या भाषेत नकाराची काय श्रीमंती आहे! 'नको', 'नाही', 'राहू द्या', 'कशाला उगीच', 'बघू', 'यांना विचारून सांगते'. आमच्याइतका आग्रह जगात कुणी करीत नसेल. 'एक तरी', 'माझ्यासाठी', 'अर्धी तरी घ्याच', असे म्हणत आम्ही पाहुण्याला अजीर्ण करू. पण त्या आग्रहालाही एक मर्यादा आहे. पानावर आडवा हात आला, की वाढणारा थांबतो. भरल्या पंगतीत, हातात गरम जिलब्यांचे ताट असताना, मागून यजमान 'वाढा, वाढा' म्हणत असतानाही थांबतो. पान ज्याचे त्याचे आहे, एवढे त्याला कळते.

साता समुद्रापलीकडे बसून रात्री-अपरात्री वाढायला येणाऱ्यांना कुणीतरी आमच्या एका पंगतीला बसवा हो.